आधी ऊर्जा, मग चाल: वायूच्या रेणूंची गणिते सोडवायला शिकताना

ठाण्यातला पावसाळ्यातला एखादा साधा दिवस घ्या, तापमान २७ अंश सेल्सिअस. तुमच्या खोलीतल्या हवेत सर्वांत जास्त असतो नायट्रोजन, आणि या तापमानाला त्याचे रेणू सेकंदाला सुमारे ५१७ मीटर चालीने धावत असतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर धावली. वाटेत कुठेच टक्कर झाली नाही, तर या चालीचा नायट्रोजनचा रेणू तेवढे अंतर ६६ सेकंदांत कापेल.

हा ५१७ चा आकडा कसा काढायचा, तो काढताना कुठे घसरायला होते आणि त्या आकड्याचा खरा अर्थ काय, हे या लेखात पाहू. अकरावीला नुकतेच सायन्स घेतलेले विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता वाशी, ऐरोली किंवा नौपाड्यातल्या कॉलेजात इंग्रजी पुस्तक हाती आलेले तर नक्कीच. एफवायबीएस्सीला हाच विषय थोड्या खोलात येतो, तेव्हाही ही तयारी कामाला येते. सूत्रांतली अक्षरे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत: आर म्हणजे वायू स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधले तापमान, एम म्हणजे मोलर वस्तुमान, म्हणजे एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) वायूचे वस्तुमान.

या प्रकरणातली बहुतेक गणिते एकाच क्रमाने सुटतात. तापमान रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा ठरवते. ती ऊर्जा हाती आली की रेणूचे वस्तुमान त्याची चाल ठरवते. आधी ऊर्जा, मग चाल. ज्यांचा गोंधळ होतो ते बहुतेक वेळा हा क्रम सोडून थेट चालीवर उडी मारतात.

पहिली पायरी: तापमान केल्विनमध्ये घ्या

सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा (काटेकोर हवे असेल तर २७३.१५). २७ अंशांचे ३०० केल्विन होतात आणि मे महिन्यातल्या ३७ अंशांचे ३१०. एवढीच कृती, पण ती विसरली की पुढचे सगळे चुकते. एक हमखास विचारला जाणारा प्रश्न बघा: वायूचे तापमान २० वरून ४० अंश सेल्सिअस झाले, तर रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा दुप्पट होईल का? नाही. ते २९३ वरून ३१३ केल्विन झाले, म्हणजे ऊर्जा जेमतेम ७ टक्क्यांनी वाढली. ऊर्जा दुप्पट हवी असेल तर केल्विनमधले तापमान दुप्पट करावे लागते. २७ अंशांपासून सुरुवात केली तर ६०० केल्विन, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागेल.

दुसरी पायरी: ऊर्जा काढा, वायूचे नाव बाजूला ठेवा

एक मोल वायूच्या रेणूंची एकूण गतिज ऊर्जा = ३/२ × आर × टी.

आर ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन घेतला, तर ३०० केल्विनला ही ऊर्जा ३,७४१ ज्यूल येते, म्हणजे सुमारे ३.७४ किलोज्यूल. एका रेणूच्या वाट्याला किती ते हवे असेल तर आर ऐवजी बोल्ट्झमन स्थिरांक वापरा: १.३८ × १० चा उणे २३ वा घात. उत्तर येते ६.२१ × १० चा उणे २१ वा घात ज्यूल. सूत्रातला ३ कुठून आला, असे विचारणारा विद्यार्थी मला नेहमी आवडतो. रेणू लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन स्वतंत्र दिशांनी हलू शकतो, आणि प्रत्येक दिशेच्या वाट्याला अर्धा आरटी येतो. नायट्रोजनसारखे दोन अणूंचे रेणू धावता धावता गिरक्याही घेतात, पण त्या फिरण्याची ऊर्जा वेगळी मोजतात. इथे आपण फक्त जागा बदलण्याच्या ऊर्जेबद्दल बोलतो आहोत.

आता सूत्राकडे पुन्हा नीट बघा. त्यात वायूचे वस्तुमान नाही, दाब नाही, आकारमानही नाही. ३०० केल्विनला एक मोल हायड्रोजन आणि एक मोल क्लोरीन यांची ही ऊर्जा अगदी सारखी असते. हे मनापासून पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला हवा, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

दाबाचा गैरसमज तर फार खोलवर रुजलेला असतो. आपल्याकडच्या रिक्षा सीएनजीवर चालतात. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि टाकीत तो सुमारे २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास २०० पट दाबाने भरलेला असतो. मिथेन एवढा दाबून कोंबला आहे म्हणजे त्याचे रेणू बाहेरच्यापेक्षा जोरात धावत असणार, असे बऱ्याच जणांना वाटते. टाकी आणि बाहेरची हवा एकाच तापमानाला असेल, तर आतल्या मिथेनच्या रेणूची सरासरी गतिज ऊर्जा बाहेरच्या रेणूइतकीच असते. दाब जास्त असतो तो तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त रेणू असल्यामुळे. टाकीच्या भिंतीवर दर सेकंदाला होणाऱ्या टकरा वाढतात, रेणूंची चाल वाढत नाही. गॅस भरताना टाकी थोडी गरम होते, तेवढ्यापुरता फरक पडतो, पण तो फरकसुद्धा तापमानाच्या वाटेनेच येतो.

तिसरी पायरी: आता वस्तुमान आणा

आरएमएस चाल = √(३ × आर × टी ÷ एम). आरएमएस म्हणजे रूट मीन स्क्वेअर: चालींच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ.

हे सूत्र पाठ करण्याआधी ते कुठून आले ते एकदा वहीत लिहून काढा. एका मोलची गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले एम गुणिले चालीच्या वर्गाची सरासरी. दुसऱ्या पायरीवरून तीच ऊर्जा ३/२ आरटी. दोन्ही समान ठेवा, अर्धा दोन्हीकडून उडवा आणि वर्गमूळ घ्या. चार ओळींत सूत्र तयार होते आणि परीक्षेत विसरले तरी परत उभे करता येते.

नायट्रोजन घेऊ. ३ × ८.३१४ × ३०० = ७,४८२.६. याला ०.०२८ ने भागा: २,६७,२३६. वर्गमूळ ५१७ मीटर प्रति सेकंद.

भागताना ०.०२८ का घेतले? कारण आर ज्यूलमध्ये आहे आणि ज्यूलमध्ये किलोग्रॅम दडलेला आहे. एम ग्रॅममध्ये, म्हणजे २८ ठेवला, तर उत्तर १६.३ मीटर प्रति सेकंद येते. ताशी ५९ किलोमीटर, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या गाडीचा वेग. या भागात सर्वांत जास्त गुण याच चुकीने जातात, आणि ती पकडणे सोपे आहे. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो (२७ अंश सेल्सिअसला). ध्वनी म्हणजे रेणूंनी एकमेकांना दिलेले धक्के पुढे सरकत जाणे, तेव्हा रेणूंची चाल ध्वनीपेक्षा थोडी जास्त असायलाच हवी. हवेचे सरासरी मोलर वस्तुमान ०.०२९ किलोग्रॅम धरले तर आरएमएस चाल ५०८ येते आणि ध्वनीची चाल तिच्या सुमारे ६८ टक्के भरते. नेहमीच्या तापमानाला हवेसारख्या वायूचे उत्तर ४००-५०० च्या आसपास नसेल, तर एकके पुन्हा तपासा.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल काढून बसावे लागते. सीईटीत तर तेवढा वेळही नसतो. म्हणून गुणोत्तराने काम करायची सवय लावा. एकच आकडा लक्षात ठेवा: ३०० केल्विनला ऑक्सिजन, ४८४ मीटर प्रति सेकंद. मिथेनचे मोलर वस्तुमान १६, ऑक्सिजनच्या निम्मे, म्हणून चाल √२ पट: ६८४. सल्फर डायऑक्साइड ६४, दुप्पट, म्हणून √२ ने भागा: ३४२. हायड्रोजन २, म्हणजे सोळावा भाग, म्हणून चारपट: १,९३४ च्या आसपास. हेलियम आठवा भाग, √८ पट, सुमारे १,३६८. कार्बन डायऑक्साइड आणि एलपीजीतला प्रोपेन, दोघांचेही ४४. एक आग विझवतो, दुसरा जळतो, पण एका तापमानाला दोघांची चाल एकच, ४१२.

पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात हा मार्ग लॉग टेबलाच्या कितीतरी आधी पोचवतो, आणि चाल वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते हे बोटांत मुरते.

चौथी पायरी: तीन चाली आणि त्यांतली नेमकी कोणती

पुस्तकात सर्वाधिक संभाव्य चाल, सरासरी चाल आणि आरएमएस चाल अशी तीन नावे एकापाठोपाठ येतात आणि सूत्रे जवळजवळ सारखी दिसतात: अनुक्रमे √(२आरटी ÷ एम), √(८आरटी ÷ पाय × एम), √(३आरटी ÷ एम). दुसऱ्या सूत्रात पाय (३.१४) आणि एम दोन्ही छेदात आहेत. घोकण्याआधी एक छोटे उदाहरण हाताने करा.

पाच रेणू घ्या, चाली २००, ४००, ४००, ५०० आणि १,०००. सर्वांत जास्त रेणूंची चाल ४००, ती सर्वाधिक संभाव्य. बेरीज २,५०० भागिले ५, सरासरी ५००. आता प्रत्येकाचा वर्ग करून सरासरी काढा, ३,२२,००० येते, आणि तिचे वर्गमूळ सुमारे ५६७. एक हजारवाला रेणू आरएमएसला वर ओढतो, कारण वर्ग केला की मोठे आकडे आणखी मोठे होतात. खऱ्या वायूतही असेच घडते, म्हणून क्रम कायम राहतो: सर्वाधिक संभाव्य सर्वांत लहान, मग सरासरी, मग आरएमएस. गुणोत्तर १ : १.१२८ : १.२२५. ३०० केल्विनच्या नायट्रोजनसाठी हे आकडे ४२२, ४७६ आणि ५१७.

प्रश्नात ऊर्जा असेल तर आरएमएस वापरा, कारण ऊर्जेत चालीचा वर्ग असतो. टकरा, किंवा रेणू किती अंतर कापतो असे काही असेल तर सरासरी चाल. आलेखाच्या शिखराबद्दल विचारले असेल तर सर्वाधिक संभाव्य.

इथे चाल आणि वेग यांतला फरकही ध्यानात घ्या. वेगाला दिशा असते. बंद भांड्यातल्या वायूचे रेणू सगळ्या दिशांना सारखेच धावतात, म्हणून त्यांच्या वेगांची सरासरी शून्य येते. चालीची येत नाही. वर्ग करून सरासरी काढण्याची युक्ती या शून्यातून वाट काढते.

पाचवी पायरी: आलेख हाताने काढा

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात रेणूंच्या चालींची विभागणी मांडली आणि पुढे लुडविग बोल्ट्झमनने तिला भक्कम पाया दिला. त्या काळी रेणू असतात की नाही याबद्दलच वाद चालू होता. १९२० मध्ये ओटो स्टर्नने फिरत्या उपकरणाने चांदीच्या अणूंची चाल प्रत्यक्ष मोजली, तेव्हा या गणिताला प्रयोगाचा थेट आधार मिळाला.

आडव्या अक्षावर चाल, उभ्या अक्षावर त्या चालीच्या रेणूंचे प्रमाण. रेषा शून्यातून निघते, चढते, शिखर गाठते आणि उजवीकडे लांब शेपटी सोडत उतरते. आता त्याच कागदावर जास्त तापमानाची रेषा काढा. शिखर उजवीकडे सरकेल आणि बुटके होईल. बुटके का? कारण रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण रेणू, आणि ते बदललेले नाहीत. रेषा पसरली की उंची कमी होणारच. दुसरी रेषा पहिलीपेक्षा उंच काढली की गुण गेले. एकाच तापमानाला जड वायूची रेषा डावीकडे, अरुंद आणि उंच, हलक्या वायूची पसरट.

शेपटीकडे मात्र नीट थांबून बघा, कारण रसायनशास्त्राचे खरे काम तिथे चालते. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, हे तुम्ही ऐकले असेल. ३०० वरून ३१० केल्विनला जाताना आरएमएस चाल किती वाढते ते काढा: √(३१० ÷ ३००), म्हणजे १.०१६. दीड टक्क्याच्या थोडी वर. दीड टक्का चाल वाढून अभिक्रियेचा वेग दुप्पट कसा होईल?

समजा अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती घडायला लागणारी किमान ऊर्जा, ५३.६ किलोज्यूल प्रति मोल आहे. ३०० केल्विनला सरासरी ऊर्जा ३.७४ किलोज्यूल, म्हणजे उंबरठा सरासरीच्या चौदापट वर. तो ओलांडण्याइतकी ऊर्जा असणाऱ्यांचे प्रमाण ई (गणितातला स्थिरांक, सुमारे २.७१८) चा उणे (सक्रियण ऊर्जा ÷ आरटी) वा घात या पदाने मोजतात. ३०० केल्विनला ते येते ४.७ × १० चा उणे १० वा घात, साधारण दोन अब्जांत एक. ३१० केल्विनला ९.३ × १० चा उणे १० वा घात. दुप्पट. सरासरी जागच्या जागी असल्यासारखी दिसते, पण शेपटीतली गर्दी दुप्पट होते. उन्हाळ्यात दूध लवकर नासते, त्यामागे शेपटीचा हा हिशेबही असतो, जरी तिथे जिवाणूंची वाढ हा आणखी एक भाग येतो.

सहावी पायरी: एवढी चाल, तरी वास उशिरा का येतो?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही चांगल्या सोबतीत आहात. रुडॉल्फ क्लॉसियसने १८५७ मध्ये रेणूंची चाल सेकंदाला शेकडो मीटर असते असे दाखवले, तेव्हा बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने हीच हरकत घेतली होती. रेणू एवढे वेगवान असतील तर वायू एकमेकांत इतक्या सावकाश का मिसळतात, खोलीत तंबाखूचा धूर थर करून का राहतो? क्लॉसियसने १८५८ मध्ये उत्तर दिले: रेणू सरळ फार दूर जाऊच शकत नाही. दोन टकरांमधल्या त्या सरासरी अंतराला आपण आज सरासरी मुक्त पथ म्हणतो.

नेहमीच्या दाबाला हवेत हे अंतर सुमारे ६८ नॅनोमीटर असते (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). नायट्रोजनच्या सरासरी चालीला, म्हणजे ४७६ मीटरला, त्याने भागा: एक रेणू दर सेकंदाला जवळपास सात अब्ज वेळा टकरतो आणि प्रत्येक टकरीनंतर दिशा बदलते. आता तीन मीटर लांबीचे स्वयंपाकघर घ्या. सरळ जायचे तर ६८ नॅनोमीटरचे सुमारे ४.४ कोटी टप्पे लागतील. पण दिशा दर वेळी बदलत असेल तर लागणारे टप्पे त्या आकड्याच्या वर्गाइतके, म्हणजे जवळपास साडेएकोणीस लाख अब्ज. सेकंदाला सात अब्ज टप्प्यांनी वेळ किती? तीन दिवसांहून जास्त.

फोडणीचा वास तर काही क्षणांत बाहेरच्या खोलीत येतो. तो आणतात हवेचे झोत: शेगडीवरून वर चढणारी गरम हवा, पंखा, खिडकीतला वारा. नुसत्या विसरणावर, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यावर, राहिलो असतो तर सकाळच्या पोह्यांचा वास तिसऱ्या दिवशी आला असता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याला रासायनिक कारखाने आहेत, म्हणून आपल्या भागातल्या मुलांना हा मुद्दा नीट कळायला हवा असे मला फार वाटते. ३०० केल्विनला अमोनियाची आरएमएस चाल ६६३ मीटर प्रति सेकंद येते. म्हणून गळती झाली की अमोनिया त्या चालीने वस्तीकडे येतो, असे कोणी सांगितले तर घाबरू नका आणि मानूही नका. वायू कुठे आणि किती लवकर पोचेल हे मुख्यतः वारा ठरवतो. त्यासाठीच वाऱ्याला आडवे निघून बाजूला व्हायला सांगतात.

सातवी पायरी: ग्रॅहमचा नियम, थोडक्यात

बारीक छिद्रातून वायू बाहेर पडण्याचा दर मोलर वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. टॉमस ग्रॅहमने हे प्रयोगाने शोधले, आणि तिसरी पायरी समजली असेल तर यात नवे काही नाही. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांचे गुणोत्तर √(३६.५ ÷ १७) = १.४७. प्रयोगशाळेत काचनळीच्या दोन टोकांना या दोघांच्या द्रावणांत भिजवलेला कापूस ठेवतात, आणि दोन्ही वायू भेटतात तिथे, हायड्रोजन क्लोराइडच्या टोकाजवळ, पांढरे कडे उमटते. एक मीटरच्या नळीत गणिताने ते अमोनियाच्या टोकापासून साधारण ५९ सेंटीमीटरवर यायला हवे. तुमच्या नळीत गुणोत्तर कमी भरले तर जर्नलमधले आकडे बदलू नका. नळीत आधीच हवा असते, रेणू तिच्याशी टकरत पुढे सरकतात, आणि छिद्रातून बाहेर पडण्याचा नियम तिथे जसाच्या तसा लागत नाही. निरीक्षण खरे लिहा आणि खाली हे कारण द्या.

आता हे चार प्रश्न न बघता सोडवा, उत्तरे शेवटी आहेत. पहिला, ३०० केल्विनच्या हायड्रोजनइतकी आरएमएस चाल ऑक्सिजनला कोणत्या तापमानाला येईल? दुसरा, २७ अंश सेल्सिअसला ८ ग्रॅम मिथेनच्या रेणूंची एकूण गतिज ऊर्जा किती? तिसरा, २७ अंश सेल्सिअसच्या नायट्रोजनची आरएमएस चाल दुप्पट करायला तापमान किती अंश सेल्सिअस हवे? चौथा, तापमान तेच ठेवून भांड्यात आणखी तेवढाच वायू भरला आणि दाब दुप्पट झाला, तर आरएमएस चाल किती पट होईल?

उत्तरे: ४,८०० केल्विन, सुमारे १,८७१ ज्यूल, ९२७ अंश सेल्सिअस, एक पट, म्हणजे आहे तेवढीच. तिसऱ्याचे उत्तर ३२७ आले असेल तर तुम्ही ऊर्जा दुप्पट केली आहे, चाल नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर परत जा.